मागच्या फळीचे भोक

५ जानेवारी

चि. खारूताईस,

मामा-मामीचे आशीर्वाद. तू पाठविलेला आराखडा परवा पोहोचला. फोनवर बोललेले वाऱ्यावर जाते व कागदावर लिहिलेले राहते, म्हणून पत्र लिहीत आहे. तू नाट्यगृहात आवाजाचे काम पाहतेस, तेव्हा या विषयात तू माझी गुरू आहेस. तथापि लाकडाच्या विषयात मी तुझा मामा आहे, हे ध्यानात असावे.

तुझ्या मामीचे कंबरेचे हाड मोडल्याला वर्ष होऊन गेले. ती आता काठी घेऊन घरातल्या घरात चालते. सिनेमागृहाला बावीस पायऱ्या आहेत. लग्न झाल्यापासून दर शुक्रवारी सिनेमाला जाणारी ती बाई वर्षभर खिडकीत बसून रस्ता पाहते आणि तक्रार करीत नाही. ती तक्रार करीत नाही, हेच मला सोसवत नाही. म्हणून सिनेमागृह घरी आणावे असे ठरविले आहे.

आपल्या समोरच्या गल्लीतला रेडिओवाला तुला आठवत असेल. त्याने एका बंद पडलेल्या शिकवणीवर्गातून जुना प्रोजेक्टर मिळवून दिला. पडदा म्हणून पांढरी चादर आहे. दोन लहान स्पीकर जुन्या संचातले आहेत. राहता राहिली ती तुम्ही ज्याला सबवूफर म्हणता ती घुमणारी पेटी. तयार पेटी आपल्या आवाक्याबाहेरची आहे आणि आतून भुश्शाच्या फळीची असते. या घरात मी जिवंत असताना भुश्शाची फळी येणार नाही. रेडिओवाल्याने आपल्या कपाटात कित्येक वर्षे जपलेला बारा इंची स्पीकर देऊ केला आहे. पेटी माझी.

यात त्याचेही हित आहे. वाचनालयाच्या नव्या सभागृहात आवाजाची व्यवस्था बसवावयाची आहे. सचिवांनी मला सांगितले आहे की, मिस्त्री, तुमच्या घरचे काम ऐकून ठरवू. हल्ली कोणी वस्तू दुरुस्त करीत नाही, फेकून देतात. त्याच्या दुकानात दिवसचे दिवस चिटपाखरू फिरकत नाही. सभागृहाचे काम मिळाले तर तो पुन्हा उभा राहील.

एक शंका आहे. मागच्या फळीला तू चार इंचांचे गोल भोक दाखविले आहेस. मी बावन्न वर्षे कपाटे केली. पाठीला भोक असलेले एकही कपाट माझ्या हातून बाहेर गेलेले नाही. याचा खुलासा करावा.

तुझा मामा

१३ जानेवारी

प्रिय मामा,

नमस्कार. मामीला सांगा की पहिल्या खेळाला मी मनाने पुढच्या रांगेत असेन.

भोकाचा खुलासा. स्पीकरचा कागद पुढे-मागे हलतो ना, तेव्हा तो पुढची हवा ढकलतो तशी पेटीतलीही ढकलतो. ती आतली हवा मागच्या भोकात बसवलेल्या नळीतून बाहेर पडते आणि तीच खरी घुमते. म्हणजे ते भोक पेटीचं नाक आहे. मी मोजमाप काढलंय ते नाकासकट. नाक बुजवलं तर ही पेटी मुकी होईल. मग माणूस काय करतो, आवाज वाढवतो. आणखी वाढवतो. शेवटी स्पीकर जळतो. तेव्हा बाकी काही बदला, भोक बदलू नका.

आणि एक. एवढं मोठं गोल भोक हाताने कापत बसू नका. कोणत्याही फर्निचरच्या कारखान्यात यंत्र असतं, पाच मिनिटांचं काम आहे.

रेडिओकाकांना नमस्कार सांगा. लहानपणी त्यांच्या दुकानात मी किती चुंबक पळवले त्याचा हिशेब त्यांनी अजून मागितलेला नाही.

तुमची खार

४ फेब्रुवारी

चि. खारूताईस,

अनेक आशीर्वाद. यंत्रावर कापून आणा, हे तुझ्या पत्रातले वाक्य मी वाचले नाही असे समजतो.

पेटी पूर्ण झाली. एका जुन्या पलंगाच्या सागवानी फळ्या होत्या, त्या रंधून घेतल्या. कोपऱ्यांना एकही खिळा नाही. दोन हातांची बोटे एकमेकांत गुंतवावी तसे सांधे आहेत. नखाने शोधले तरी फट सापडावयाची नाही. हवा कोठून निसटते काय हे पाहण्यासाठी मी भर दुपारी खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला, पेटीत दिवा ठेवला व स्पीकरच्या तोंडावर फळी दाबून धरली. प्रकाशाची एक रेघसुद्धा बाहेर आली नाही. तुझ्या मामीने काठी टेकीत चारी बाजूंनी फिरून पाहिले आणि म्हणाली की, एवढी घट्ट तर आपली तिजोरीसुद्धा नव्हती.

रेडिओवाल्याने काल स्पीकर बसविला. येत्या रविवारी दुपारी पहिला खेळ आहे. सचिव व त्यांच्या पत्नी, निवृत्त पोस्टमास्तर आणि वरच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई यांना बोलाविले आहे. तुझी मामी दोन दिवस कोणते लुगडे नेसावे याचा विचार करीत आहे. घरातच बसावयाचे आहे असे मी म्हणालो, तर म्हणाली, सिनेमाला जाताना मी कधी घरचं नेसले होते का?

तुझा मामा

१२ फेब्रुवारी

चि. खारूताईस,

आशीर्वाद. रविवारी माझी अप्रतिष्ठा झाली.

चित्र समुद्रातल्या वादळाचे होते. चित्र स्वच्छ दिसत होते. लहान स्पीकर बोलत होते. पेटी मात्र तोंडात मिठाची गुळणी धरून बसली. लाटा फुटत होत्या आणि आवाज येत होता तो वाटीत पाणी ओतल्यासारखा. पोस्टमास्तर म्हणाले की, लाटा दिसतात, पण ओल्या वाटत नाहीत. सगळे हसले. मी रेडिओवाल्याला आवाज वाढवावयास सांगितले. त्याने थोडा वाढविला व आता पुरे म्हणाला. मग मी स्वतः उठून बटण शेवटपर्यंत फिरविले. पेटीतून पत्रा खरवडल्यासारखा आवाज आला व जळका वास सुटला. बाईंनी पदर नाकाला लावला.

मी सर्वांसमक्ष त्याला म्हणालो, “तू टाकाऊ माल माझ्या गळ्यात बांधलास.”

त्याने तार काढून गुंडाळली, पिशवी उचलली आणि तुझ्या मामीला एवढेच म्हणाला की, वहिनी, लहान स्पीकर चालू आहेत, सिनेमा पुरा बघा. ज्याच्या मनात खोट नसते तो माणूस उलट उत्तर देतो. तो गेला, यावरून काय समजावयाचे ते मी समजलो.

जिन्यात सचिवांनी मला सभागृहाबद्दल विचारले. मी म्हणालो की, माझ्या घरी ज्याने हे केले त्याच्यावर सभागृह सोपवावे की नाही, हे ठरविण्यास आपण सुज्ञ आहात. याहून अधिक एक शब्द मी बोललो नाही.

तुझा मामा

२० फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुमची दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवून मी चार वेळा वाचली.

पेटीत दिवा ठेवला आणि प्रकाशाची एक रेघही बाहेर आली नाही, असं तुम्ही लिहिलंय. मागच्या फळीला चार इंचांचं भोक असतं तर रेघ कसली, भिंतीवर चांदोबा उगवला असता.

मामा, भोक आहे ना?

खार

२८ फेब्रुवारी

चि. खारूताईस,

आशीर्वाद. दिवा लहान होता. शिवाय मागची बाजू भिंतीकडे होती. आराखड्यात जे होते ते होते.

मी रोज त्याच्या दुकानावरून जातो. तो मान वर करीत नाही. अपराधी माणूस असाच वागतो. या विषयावर पुन्हा लिहू नये.

मामीची प्रकृती ठीक आहे. पडद्याची चादर तिने उतरवून धुतली व पलंगावर अंथरली.

तुझा मामा

९ मार्च

प्रिय मामा,

तुम्ही लिहू नका म्हणालात, तरी लिहितेय. काल मामीचा फोन आला होता. ती म्हणाली, सभागृहाचं काम दुसऱ्या कोणाला तरी देण्याचं घाटतंय. रेडिओकाका हल्ली दुपारनंतरच दुकान उघडतात, कारण सकाळी येणाऱ्या-जाणाऱ्यांत कोणी ना कोणी विचारतंच, काय, मिस्त्रीला काय चिकटवलंस म्हणून. तुमच्या शब्दाला गावात वजन आहे, मामा. ते त्यांच्या डोक्यावर पडलंय.

मी तुम्हाला भोकाबद्दल आता विचारणार नाही. माझा इलाज सोबत जोडला आहे. सचिवांच्या नावे पत्र आहे. त्यात लिहिलंय की आराखडा मी केला होता आणि माझ्या मोजमापात चूक होती, म्हणून स्पीकर जळला. रेडिओकाकांचा दोष नाही आणि पेटी करणाऱ्याचाही नाही. खाली माझी सही आहे. मला तिथे कोण ओळखतं? माझं काही बिघडत नाही. तुम्ही फक्त नेऊन द्या, अंतिम निर्णय व्हायच्या आत. तुमचं नाव कुठेही येत नाही.

तुमची खार

२४ मार्च

चि. खारूताईस,

आशीर्वाद लिहावयास आज लाज वाटते, तरी रिवाज म्हणून लिहितो.

तुझे सचिवांच्या नावाचे पत्र परत पाठवीत आहे. परत पाठविले म्हणून माझे कौतुक करू नकोस. ते आठ दिवस माझ्या सदऱ्याच्या खिशात होते. दोन वेळा मी वाचनालयाच्या दारापर्यंत गेलो. दुसऱ्या वेळी आतही गेलो आणि सचिव जागेवर नव्हते, केवळ म्हणून ते पत्र त्यांच्या हाती पडले नाही. असते तर मी दिले असते. तुझी सही पुढे करून मी सुटलो असतो आणि घरी येऊन जेवलो असतो. घरी आल्यावर मामीने विचारले की, काय लपवता आहात. मी पत्र दाखविले. तिने ते वाचले व म्हणाली, “पोरीचा खांदा बरा सापडला तुम्हाला.” त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. जेवण वाढते, पण ताटाकडे पाहून.

आता जे घडले ते लिहितो.

मी भोक कापले होते. तुझ्या आराखड्याप्रमाणे, त्याच जागी, त्याच मापाने वर्तुळ आखले आणि निमुळत्या करवतीने कापावयास घेतले. अर्धे वर्तुळ बरे झाले. नंतर करवत रेषा सोडून गेली. मी थांबलो, पुन्हा लावली, पुन्हा गेली. लाकूड फाटले. शिकाऊ माणसाने केले असते तर मी त्याला दुकानाबाहेर काढले असते, असे ते भोक झाले. कारण करवतीत नव्हते. माझा उजवा हात थरथरतो. गेल्या पावसाळ्यापासून थरथरतो. मी कोणाला सांगितले नाही. चहा मी बशीत ओतीत नाही, याचे कारण तेच आहे.

त्या रंगाची दुसरी फळी माझ्यापाशी नव्हती. रविवारी माणसे येणार, पोस्टमास्तर पेटी उलटीपालटी करून पाहणार, सचिव पाहणार. माझ्या नावाच्या पेटीला ते भोक त्यांच्या दृष्टीस पडणे मला सहन होईना. म्हणून मी एक चकती केली. पलंगाच्या उरलेल्या पायातून, लाकडाच्या रेषेला रेषा जुळवून. डाव्या हाताने उजवे मनगट धरून दोन दिवस कानशीने घासली आणि सरस लावून बसविली. ती कोठे सुरू होते व कोठे संपते हे मलाही सांगता येईना. बावन्न वर्षांत मी केलेले ते सर्वांत उत्तम काम आहे, आणि ते लबाडीचे आहे.

तू पेटी मुकी होईल असे लिहिले होतेस. मी ते वाचले होते. स्पीकर जळतो हेही वाचले होते. अडाणीपणा म्हणून मला माफी मिळावयाची नाही. मी चौथी शिकलो असलो तरी वाचलेले मला समजते.

याहून वाईट पुढे आहे. रेडिओवाला स्पीकर बसविण्यास आला तेव्हा नळी बरोबर मापाने कापून घेऊन आला होता. कोठे बसवावयाची म्हणून त्याने विचारले. मी सांगितले की, आराखडा सुधारला आहे, नळी लागत नाही, मला लाकूड शिकवू नकोस. त्याने पेटी वळविली आणि मागच्या फळीवरून तळवा फिरविला. त्याचा अंगठा एका ठिकाणी थांबला, मग हळूहळू गोल फिरला. पूर्ण गोल. नंतर त्याने माझ्या हाताकडे पाहिले. मी हात पाठीमागे घेतला.

तो म्हणाला, “मिस्त्री म्हणतात, तर नसेल लागत.” आणि नळी पिशवीत घातली.

म्हणजे त्याला रविवारच्या आधीच सर्व ठाऊक होते. मी त्याला चार माणसांत टाकाऊ मालाचा माणूस ठरविले, तेव्हा त्याने पेटी उलटी करून एक बोट दाखविले असते तर पुरे होते. त्याने तार गुंडाळली. मी ते मौन तुला अपराध म्हणून कळविले. मला त्याच क्षणी माहीत होते की तो माझा हात झाकीत आहे. झाकणाऱ्याच्याच अंगावर मी चिखल उडविला.

त्याच्या दुकानात जाऊन त्याची क्षमा मागावी, असा विचार आहे. तुझे मत कळव. तुझे मत विचारण्याइतपत मी उरलो आहे की नाही, हेही कळव.

मामा

३१ मार्च

प्रिय मामा,

उरला आहात. म्हणूनच रागावतेय.

दुकानात एकट्याने जाऊन माफी मागाल, ते म्हणतील असू द्या मिस्त्री, तुम्ही चहा पिऊन घरी याल. मग गावाला काय कळेल? बोललात चारचौघांत, मागे घ्यायचं मात्र कोपऱ्यात, असं चालणार नाही. ज्यांनी ऐकलं त्यांना आधी सांगा. हाताचं सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. भोकाचं मात्र सांगावंच लागेल.

आणि मामा, मामीला सगळं माहीत होतं. चहाच्या बशीचं तिने मला दिवाणखान्यातल्या नव्या पेल्यांबद्दल सांगताना सांगितलं होतं. ते जाड कानाचे पेले तिने मुद्दाम आणलेत. तुम्हाला वाटलं तिला आवडले म्हणून.

खार

१५ एप्रिल

चि. खारूताईस,

आशीर्वाद. जे केले ते क्रमाने कळवितो.

गेल्या शनिवारी वाचनालयाच्या समितीची बैठक होती. मी पेटी हातगाडीवर घालून नेली. सचिव, पोस्टमास्तर आणि आणखी सहा सभासद होते. शिवणकाम करणाऱ्या बाईंना मी स्वतः बोलावून आणले, कारण त्यांनीही ऐकले होते. मी उभा राहिलो व म्हणालो की, त्या रविवारी स्पीकर टाकाऊ नव्हता, पेटी खोटी होती, आणि मी जाणूनबुजून तसे बोललो. त्यांना अर्थ लागेना. तेव्हा मी पेटी उलटी केली, चकतीवर लाकडी हातोडी मारली आणि ती आत पाडली. फाटलेले भोक सर्वांनी पाहिले. हे कसे झाले असे पोस्टमास्तरांनी विचारले. मी उजवा हात टेबलावर ठेवला आणि तो त्यांना पाहू दिला. टेबलावरच्या पेल्यातले पाणी हलत होते.

मला वाटले होते की ते मला बोलतील. खारूताई, ते बोलले नाहीत. पोस्टमास्तरांनी पेटीत हात घालून चकती काढली, चष्म्याजवळ नेली आणि म्हणाले, वा, काय काम आहे, मिस्त्री, या वयात. ती चकती हातोहात फिरली. सगळ्यांनी वाखाणली. सचिव म्हणाले की, एवढ्याशा भोकाचे काय घेऊन बसलात, वयोमानाने होते. सभागृहाचे काम मागच्या महिन्यातच दुसऱ्याला देऊन झाले आहे, कागदावर सह्या झाल्या आहेत, आता फिरवता येत नाही, मात्र रेडिओवाल्याला काही किरकोळ दुरुस्ती असली तर आठवणीने सांगू. मी म्हणालो की, त्याचा दोष नव्हता असे बैठकीच्या वहीत लिहा. ते म्हणाले, तशी पद्धत नाही. मी बसून राहिलो. शेवटी बाई म्हणाल्या की, ओळ लिहून टाका, नाहीतर हे उठायचे नाहीत. तेव्हा लिहिली. मी दोनदा वाचून घेतली.

मी आठ दिवस तुझे पत्र खिशात घेऊन फिरलो, त्याच दिवसांत ते काम गेले. हे मी कोठेही बोललो तरी परत येणारे नाही.

तेथून मी त्याच्या दुकानात गेलो. पेटी हातगाडीवर बाहेर उभी केली. दुकानात तीन गिऱ्हाइके होती. बातमी माझ्याआधी पोहोचली असावी, कारण मी येताच तिघेही बोलावयाचे थांबले. तो कोणाचा तरी रेडिओ उघडून बसला होता. मी म्हणालो की, मी खोटे बोललो, आणि तुझे काम गेले ते माझ्यामुळे. त्याने ऐकून घेतले. असू द्या असे तो म्हणाला नाही. मी त्याच शब्दांची वाट पाहत होतो, हे मला तेव्हा समजले.

काही वेळाने त्याने पायाने एक स्टूल माझ्याकडे सरकविले. मी बसलो. त्याने एक बारीक तार माझ्यापुढे धरली व कथलाचा डाग देऊन जोडेपर्यंत धरून ठेवा म्हणाला. मी उजव्या हाताने धरली. तार हलू लागली. तो तापलेली सळई हातात घेऊन थांबला. गिऱ्हाइके पाहत होती. मला हात मागे घ्यावासा वाटला.

“दोन्ही हातांनी धरा, मिस्त्री,” तो म्हणाला.

मी दोन्ही हातांनी धरली. तरीही ती हलतच होती. तो तिच्या हलण्याबरोबर सळई हलवीत डाग देत राहिला, आणि त्याला बराच वेळ लागला.

तुझा मामा